फिरायला निघताना फोन खुंटीला



उसाचा उतारा, टनाला मिळालेला दर, पहिली उचल, खताची पोती, पाण्याच्या पाळ्या, या सगळ्याचा हिशोब आपल्याला तोंडपाठ असतो. एक हिशोब मात्र मांडायचा राहून गेला आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या अंगावरचे काम किती कमी झाले, त्याचा. जरा आठवून पाहा. रात्रीची लाईट असली म्हणजे हातात बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत चालत जायचे, मोटार चालू करायची आणि मग दारे धरीत चार-चार तास चिखलात उभे राहायचे. नांगरट बैलांची, सरी बैलांची, मोठ्या बांधणीलाही औताच्या मागे दिवसभर चालायचे. आज मोटारीला मोबाईलवरचा स्टार्टर बसला. अंथरुणात पडल्या पडल्या एक फोन लावला की पाणी सुरू. ठिबक झाले, दारे धरणे गेले. घरापासून मळ्यापर्यंत जायचे तरी बुडाखाली मोटारसायकल.

हे वाईट झाले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पौषातल्या थंडीत पहाटे दोनला ज्यांनी पाणी पाजले आहे त्यांना विचारा, ते स्टार्टरला हात जोडतील. पण अंगमेहनत गेली आणि ताट मात्र नांगऱ्याचेच राहिले. त्याचा परिणाम दवाखान्यात दिसू लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातल्या मधुमेही माणसांची संख्या १० कोटींच्या वर गेलेली दिसते. हे शहरातल्या बैठ्या माणसांचे दुखणे, असे म्हणायचे दिवस संपले. साखर आपण पोत्यात भरायची, रक्तात नव्हे.

तेव्हा डॉक्टर सांगतात, रोज चाला. आणि मंडळी चालू लागली आहेत, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. कॅनॉलच्या रस्त्याला, हायस्कूलच्या मैदानावर, गावाबाहेरच्या डांबरीवर पहाटे आता चांगली वर्दळ असते. बूट घातलेले आजोबा दिसतात, साडीवर स्वेटर आणि पायात बूट घातलेल्या सुना-सासवा दिसतात. दहा वर्षांमागे हे दृश्य आपल्याकडे हसण्यावारी गेले असते.

पण या मंडळींकडे जरा बारकाईने बघा. दहातल्या सहा-सात जणांच्या हातात फोन असतो. मान खाली, अंगठा वर-खाली. कुणी शुभ सकाळचे फुलांचे चित्र वीस जणांना पाठवतो आहे, कुणी बाजारभाव पाहतो आहे, कुणी चालता चालता भाऊबंदकीच्या वाटणीचा वाद फोनवर मिटवतो आहे आणि तो मिटत नाही म्हणून रस्त्याच्या मधोमध थांबला आहे. कुणाच्या कानात बोंडे. अशी पाऊण तासाची फेरी मारून माणूस घरी येतो, 'आज चाललो बाबा' म्हणून दोन भाकरी जास्त खातो, आणि तीन महिन्यांनी तपासणीत साखर आहे तिथेच असते. मग म्हणतो, "आवं, चालून बी काय फरक पडंना."

फरक पडायचा कसा? चालणे झालेच नाही, रेंगाळणे झाले. आमचे सांगणे एवढेच आहे की फिरायला निघताना फोन घरी ठेवा. खिशात नको, पिशवीत नको, घरी ठेवा. का, ते सविस्तर सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाबद्दल जी शिफारस केली तिच्यात मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी असे म्हटले आहे. म्हणजे रोज अर्धा तास धरला तर आठवड्यातले पाच दिवस. यातला 'मध्यम जोराची' हा शब्द आपण विसरतो आणि मिनिटे तेवढी मोजतो. मध्यम जोर ओळखायची खूण सोपी आहे. चालताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. पहिला किलोमीटर झाला की श्वास वाढला पाहिजे, कपाळाला घाम सुटला पाहिजे. बाजाराला उशीर झालेला माणूस एसटी पकडायला जातो ती चाल हवी, लग्नाच्या मांडवात फिरतो ती नको.

आता फोन हातात धरून एसटी पकडायच्या चालीने चालून दाखवा. जमत नाही. हात हलले की पाय उचलतात, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ज्या हातात फोन आहे तो हात छातीशी आखडलेला राहतो, नजर दोन वितींवर खिळलेली असते, आणि पाय आपोआप जपून पडू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २६ माणसांना तीन प्रकारे चालायला लावले. एकदा फोनशिवाय, एकदा फोनवर वाचत, एकदा फोनवर लिहीत. लिहिताना माणसांची चाल सगळ्यांत मंदावली आणि सरळ रेषेतूनही ती ढळली. अंग ताठरते, डोके आणि धड एकत्रच हलते, असेही त्यांना आढळले. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाने २०१५ साली ४४ विद्यार्थ्यांना चालपट्ट्यावर अर्धा-अर्धा तास चालायला लावले, वेग ज्याचा त्याने ठरवायचा. फोनवर मेसेज लिहीत चालले तेव्हा वेग उतरला आणि नाडीही मंदावली. तरणीताठी पोरे ती. आपल्या साठीच्या सभासदांचे काय होत असेल?

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगायला हवे की त्याच प्रयोगात गाणी ऐकत चालणाऱ्यांचा वेग वाढला होता. तेव्हा बंद आवारात, मैदानावर, घराच्या गच्चीवर कुणाला गाण्याच्या ठेक्यावर चालायचे असेल तर आमची ना नाही. रस्त्यावर मात्र नको. ते पुढे येईलच.

मानेचे दुखणे घ्या. अमेरिकेतल्या एका मणक्याच्या शल्यविशारदाने २०१४ साली हिशोब मांडला होता. सरळ उभे असताना डोक्याचा भार मानेवर पाच किलोच्या आसपास असतो, तो मान साठ अंशांत वाकवली की २७ किलोंवर जातो. हा गणिताने काढलेला आकडा आहे, प्रत्येकाच्या मानेवर काटा लावून घेतलेला नव्हे. तरी अंदाज येतो. युरियाच्या अर्ध्या पोत्याहून जास्त ओझे मानेवर घेऊन आपण आरोग्यासाठी फिरायला निघतो!

पण आम्हाला हा लेख लिहायला लावणारे कारण मानेचे नाही. ते रस्त्याचे आहे.

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते बदलतात, हे सभासदांना सांगायला नको. फडातून भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली उसाची वाढी, रात्रभर काट्यावर ताटकळलेला ड्रायव्हर. मागची ट्रॉली उतारावर आणि वळणावर कशी डुलते, ते ज्याने मागे चालून पाहिले आहे त्यालाच ठाऊक. रिफ्लेक्टर लावलेले असतात, पण पंधरा दिवसांत ते चिखलाने आणि पाचटाच्या धुराळ्याने दिसेनासे होतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके. आणि नेमकी तीच वेळ आपल्या फिरणाऱ्या मंडळींची.

या रस्त्याने कानात बोंडे घालून, मान खाली घालून चालणारा माणूस म्हणजे डोळे आणि कान दोन्ही घरी ठेवून आलेला माणूस. हे आम्ही रागाने म्हणत नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाने एक मजेशीर प्रयोग केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या चौकात एका विदूषकाला एकचाकी सायकलीवरून फिरायला लावले. अंगात रंगीबेरंगी कपडे, नाकावर लाल बोंड. चौक ओलांडून आलेल्यांना विचारले, काही वेगळे दिसले का? फोनवर बोलत आलेल्यांपैकी विदूषक पाहिलेला चौघांत एक. हातात काहीच न घेता एकटे चालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पाहिला. आणि दोघे-दोघे गप्पा मारत आलेल्यांपैकी शंभरांत ७१ जणांनी पाहिला. म्हणजे बोलणे वाईट नाही, बोलण्याचा जोडीदार शेजारी हवा. शेजारचा माणूस समोरून गाडी आली की बोलायचा थांबतो, आपला दंड धरून बाजूला ओढतो. फोनमधला माणूस पुण्यात खुर्चीवर बसलेला असतो. त्याला आपल्या मागचा ट्रॅक्टर दिसत नाही.

विदूषक दिसला नाही तर कुणाचे काही जात नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ऐकू आला नाही तर घरचा कर्ता माणूस जातो. आणि त्यातला ऊस आपल्याच कुणातरी सभासदाचा असतो.

म्हणून हंगाम चालू असेपर्यंत डांबरी रस्त्याने फिरणाऱ्यांनी फोन आणि बोंडे घरीच ठेवावीत. जिथे पायवाट नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंगात पांढरा सदरा किंवा फिकट रंगाचे कपडे असावेत. चार जण असाल तर एकामागे एक चाला, संसदेसारखे आडवे पसरू नका. शक्य असेल त्यांनी हे चार-पाच महिने डांबरी सोडून कॅनॉलची वाट किंवा शाळेचे मैदान धरावे. ट्रॅक्टरवाल्या बांधवांनाही हात जोडून एक सांगणे आहे. टेपचा आवाज कमी करा. तुमच्या गाण्यात आमचा आजोबा आणि त्याच्या गाण्यात तुमचा भोंगा, अशी दोन्हीकडून बहिरी गाठ पडायला नको.

यावर सभासदांकडून पहिली हरकत कोणती येणार ते आम्हाला ठाऊक आहे. "तोडीचा निरोप आला तर?" टोळीचा मुकादम, गाडीवाला, स्लिपबॉय, शेतकी मदतनीस, सगळे फोनवर. त्यात आपला फड तुटायला आला असेल तर माणूस फोन जिवाला बांधून ठेवतो, आणि ते आम्हाला समजते. पण अहो, फोन बंद करा असे कुठे म्हटले? घरी ठेवा म्हटले. घरात कारभारीण आहे, मुलगा आहे, सून आहे. त्यांना सांगा, निरोप आला तर घेऊन ठेवा. टोळी काय अर्ध्या तासात फड तोडून निघून जात नाही. उलट यात घरातल्या माणसांना तोडणीचा, पाण्याचा, काट्याचा व्यवहार कळतो, हा एक जास्तीचा फायदा समजा. भारतात पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला लागला. त्याच्या आधीही आपले कारखाने चालत होते आणि ऊस वेळेवर तुटत होता. (वेळेवर म्हटल्यावर काही सभासद हसतील, असो.)

दुसरी हरकत, "खिशात ठेवतो, बघत नाही." बघितला जातो. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली असे मांडले की फोन नुसता जवळ असला तरी लक्षाचा काही भाग त्याच्याकडे गुंततो. पुढच्या प्रयोगांत सगळीकडे तसाच निकाल आला नाही, म्हणून त्या म्हणण्यावर आम्ही फार जोर देत नाही. पण खिशात फोन थरथरला आणि माणूस तसाच पुढे चालत राहिला, असे आम्ही तरी अजून पाहिलेले नाही.

तिसरी हरकत नव्या पिढीची. "पावलं कशी मोजायची? दहा हजार व्हायला पाहिजेत." या दहा हजारांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तोक्योच्या १९६४ सालच्या ऑलिंपिकनंतर जपानात चालण्याची हौस वाढली. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पावलांचे यंत्र बाजारात आणले आणि त्याला नाव दिले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मोजमाप. आकडा गोल, लक्षात राहणारा, जाहिरातीला छान. तो डॉक्टरांच्या अभ्यासातून आलेला नव्हता. पुढे अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढत गेलेला दिसला नाही. तेव्हा आठ हजारांवर गाडी थांबली म्हणून रात्री अंगणात गरगर फिरणाऱ्यांनी निवांत झोपावे. ड्यूक विद्यापीठाच्या एका संशोधिकेने २०१६ साली असेही दाखवले की पावले मोजायला लावली की माणसे चालतात जास्त, पण त्यांना चालण्याची गोडी कमी वाटते. आणि ज्याची गोडी गेली ते काम किती दिवस टिकणार?

मोजायचेच असेल तर आपल्याकडे फोनपेक्षा जुने माप आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. चाळीस गुंठ्यांचा एकर. असा एक एकर चौरस तुकडा धरला तर त्याची एक बाजू ६४ मीटरच्या आसपास येते आणि भोवतीची एक फेरी २५५ मीटरची. चार फेऱ्या मारल्या की एक किलोमीटर झाला. हेक्टरचा चौरस प्लॉट असेल तर फेरी बरोबर ४०० मीटरची, म्हणजे अडीच फेऱ्यांत किलोमीटर. कॅनॉलला दगड आहेत, रस्त्याला दगड आहेत. वेळेसाठी पेटीत पडलेले लग्नातले एचएमटीचे घड्याळ बाहेर काढा, चावी द्या आणि मनगटाला बांधा. त्यावर कुणाचा फोन येत नाही. धडधाकट माणसाने किलोमीटर दहा-अकरा मिनिटांत काटला तर चाल बरोबर आहे.

ज्यांनी फोन जवळ ठेवलाच पाहिजे असेही सभासद आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. ज्यांना हृदयाचा त्रास होऊन गेला आहे, जे इन्शुलिन घेतात, ज्यांना चक्कर येते, त्यांनी एकट्याने बिनफोनचे जाऊ नये. त्यांनी फोन आतल्या खिशात ठेवावा, फक्त घरचा आणि १०८ चा म्हणून. इन्शुलिनवाल्यांनी खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी जरूर ठेवावी. इथे मात्र साखर जीव वाचवते. पहाटे अंधारात निघणाऱ्या भगिनींनी चार-पाच जणींनी मिळून जावे आणि सगळ्यांत मिळून एक फोन ठेवावा, तो चालताना उघडायचा नाही. आणि जिथे उसात बिबट्याचा वावर आहे तिथे अंधारात बाहेर पडूच नये. उजाडू द्या. अशा भागात रात्री घराबाहेर जावे लागले तर मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, असे वनखातेच सांगते, तेव्हा तिथे आमचा हा नियम लागू नाही. बाकी सगळ्यांनी खिशात एक चिठ्ठी ठेवली तरी पुरे. नाव, गाव, घरचा नंबर, आणि कसले औषध चालू आहे ते. फोनला कुलूप असते, चिठ्ठीला नसते.

पहिले आठ दिवस जड जातात. हात सारखा खिशाकडे जातो, तंबाखू सोडलेल्या माणसाचा जातो तसा. एक युक्ती सांगतो. फिरायला जायची आणि फोन चार्जिंगला लावायची वेळ एकच ठेवा. फोन भिंतीला, तुम्ही वाटेला. एकदम पाऊण तास जमत नसेल तर सकाळी दहा मिनिटे, दुपारी जेवणानंतर दहा, संध्याकाळी दहा, असे करा. मधुमेहींना जेवणानंतरची थोडी चाल विशेष उपयोगी पडते, साखर एकदम चढत नाही.

आणि डोळे मोकळे राहिले की काय काय दिसते ते पाहा. चालण्याची फेरी आणि शेताची पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी सांगून ठेवतो. दर दहा पावलांवर उसाचे पान उलटून बघत बसलात तर व्यायाम होणार नाही. पण भरभर चालताना बांधावरून नजर टाकली तरी पुष्कळ कळते. काणी लागलेल्या उसाचा चाबकासारखा काळा शेंडा लांबून दिसतो. खोडव्यातली गवताळ वाढ हिरव्या रानात फिकट ठिगळासारखी उठून दिसते. ठिबकची नळी उंदराने कुरतडली असेल तर पाण्याची चिरचिर ऐकू येते, पण कान मोकळे असतील तरच. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिन्हीसांजेला बाभळीवर, कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात. त्या वेळी ते झाडून गोळा केले तर पुढची हुमणी निम्मी तिथेच मरते, आणि ते जमलेले दिसतात तेही संध्याकाळी फिरणाऱ्यालाच. सुरू लागणीत उन्हाळ्याच्या तोंडाला पोंगे वाळलेले दिसले तर समजावे, खोडकीड शिरली. असे काही दिसले तर फेरी पुरी करा, मग प्लॉटमध्ये शिरून नीट बघा आणि आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाला कळवा. तो फोन घरी आल्यावर करता येतो.